पावसाळी वेळापत्रक

रत्नागिरीचे रेल्वे स्थानक शहरापासून दूर, कुवारबावच्या बाजूला आहे. रविवारी तेथे सहकुटुंब जाऊन कोणत्याही गाडीत न बसता परतणारे कुटुंब बहुधा आमचेच असावे. दहा रुपयांची फलाट तिकिटे काढायची, पाण्याची बाटली आणि खाऊचा डबा घेऊन बाकावर बसायचे आणि मांडवी एक्सप्रेसची वाट पाहायची, असा आमचा तीन वर्षांचा क्रम आहे. आमचा मुलगा आठ वर्षांचा असून स्वमग्न आहे. गाडी फलाटात शिरू लागली की तो दोन्ही कान घट्ट दाबून धरतो, पण तेथून हलायला तयार नसतो. मी त्याचा दंड धरून उभा असतो. तो डबे मोजत असतो. मालट्रक वाहून नेणारी 'रो-रो' गाडी दिसली, तर तो दिवस सणाचा. रत्नागिरीकर 'मांडवीला जाऊ या' म्हणतात तेव्हा त्यांना समुद्रकिनारा अभिप्रेत असतो. आमच्या घरात या वाक्याचा अर्थ एकच आहे, आणि पाहुण्यांनी ते सहज उच्चारले तरी चिरंजीव चपला घालून दाराशी उभे राहतात.

लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञाने १९४३ साली या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले. मेंदूची घडणच निराळी असल्याने अशा मुलांना माणसांचे हावभाव, आवाज, अचानक होणारे बदल यांचा अर्थ लावणे अवघड जाते. आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते, ही एकेकाळची समजूत संशोधनाने केव्हाच मोडीत काढली. फलाटावर मात्र ती अद्याप भेटते.

सर्वच स्वमग्न मुलांना आगगाडीचे वेड असते असे नव्हे. परंतु पुष्कळांना असते. न्यूयॉर्कच्या ट्रान्झिट म्युझियमने तर अशा मुलांसाठी भुयारी रेल्वेच्या आवडीवर आधारलेला खास उपक्रम चालविला आहे. कारण समजण्याजोगे आहे. माणसाचा चेहरा क्षणोक्षणी बदलतो. रूळ बदलत नाहीत. उक्षीनंतर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा, मग भोके, मग रत्नागिरी, पुढे पानवल नदीवरचा चौसष्ट मीटर उंचीचा पूल आणि निवसर, हा क्रम कोणाच्या लहरीवर अवलंबून नाही. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली तेव्हा तिच्या आर्थिक लाभांचे हिशेब पुष्कळांनी मांडले. माझ्या मुलाला ती जगाचा भरवसा देईल, ही बाब कोणाच्याच हिशेबात नसणार.

पण हा भरवसा कोकणात वर्षातून दोनदा मोडतो. दरडी कोसळण्याच्या भीतीने पावसाळ्यात गाड्या सावकाश चालवाव्या लागतात. म्हणून जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागू होते आणि पाऊस ओसरल्यावर नेहमीचे परत येते. या व्यवस्थेविरुद्ध तक्रार करण्याचे कारण नाही. तिच्यामुळे जीव वाचतात. परंतु पहिल्या वर्षी आम्ही हे विसरलो. नेहमीच्या वेळी गाडी आली नाही, आणि मुलाने फलाटावर अंग टाकून आक्रोश मांडला. पाहता पाहता भोवती कडे झाले. 'दोन धपाटे घाला, गप्प बसेल', 'फार लाडावून ठेवलाय' असे अभिप्राय ऐकू आले. माझी पत्नी, जी कोणासमोर सहसा रडत नाही, त्या दिवशी रडली. त्यानंतर दोन महिने आम्ही कोठेच गेलो नाही.

अर्थशास्त्रात 'बाह्य परिणाम' शिकविताना मी गिरणीच्या धुराचे उदाहरण देतो. धूर शेजाऱ्याच्या अंगणात जातो. त्याचा खर्च गिरणीच्या हिशेबवहीत येत नाही. रोखून पाहणाऱ्या नजरांचेही तसेच आहे. पाहणाऱ्याला काही मोजावे लागत नाही. ते कुटुंब मात्र लग्नकार्य टाळते, जत्रा टाळते, शेवटी दारच लावून घेते. कोणी म्हणेल, सहल ही चैन आहे, नाही केली म्हणून काय बिघडले? बिघडते ते असे की, रांगेत थांबणे, तिकीट मागणे, अनोळखी माणसाला उत्तर देणे हे या मुलाला घरात बसून शिकविता येत नाही.

कायदा बराच पुढे आला आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील एकवीस प्रकारांत तिला स्थान मिळाले. पण फलाटावर मूल आडवे पडले असता कडे करून उभे राहू नये, असे कलम कोणता कायदा घालणार? ते वाचकांकडेच मागावे लागते. अशा वेळी सल्ला नको, सहानुभूतीचे उद्गारही नकोत. चार पावले दूर सरावे, मोबाइलवर चित्रीकरण करू नये, आणि रूळ जवळ असल्याने मदत हवी का, एवढे हळू आवाजात विचारावे. त्या दिवशी स्थानकावरील एका हमालाने हेच केले. गर्दी हटवून तो आमच्याकडे पाठ करून, रुळांच्या बाजूला, गाडी येईपर्यंत उभा राहिला.

आता मे महिन्यात आम्ही पावसाळी वेळांचा कागद दिनदर्शिकेशेजारी लावतो आणि रोज एक दिवस खोडतो. यंदा खोडण्याचे काम मुलाने स्वतःकडे घेतले. पहिल्या पावसाळी रविवारी स्थानकावर पोहोचलो तेव्हा मांडवी उशिराने धावत असल्याची घोषणा झाली. उशिराचा कागद आमच्याजवळ नव्हता. त्याने दोनदा माझ्याकडे पाहिले, कान दाबले, आणि बाकावर बसून राहिला.