जुन्या गाडीची नाडी – लेखांक 14 : बाटलीभर पाणी

इंजेक्टर धुवायचे की बदलायचे, हे या आठवड्यात सांगणार होतो. ते पुढे ढकलतो, कारण नेरळहून एक पत्र आलं आणि माझा रविवार त्यातच गेला.

पत्रलेखकाची 2003 सालची पेट्रोल गाडी आहे. सकाळी किल्ली फिरवायचा अवकाश, पकडते. पण पाहुण्यांना माथेरानला सोडायला घाट चढून दस्तुरीला गेली, सामान उतरलं, चहा झाला, की सेल्फ नुसता फिरत राहतो. पाऊण तास बोनेट उघडं ठेवलं की पुन्हा शहाण्यासारखी सुरू. गॅरेजवाल्याने वर्षात दोनदा पंप बदलला. शेवटी दस्तुरीवरच्या एका जुन्या टॅक्सीवाल्या काकांनी बाटलीभर पाणी इंजिनावर ओतलं आणि गाडीने लगेच पकडलं. "व्हेपर लॉक," काका म्हणाले. पंप नवाकोरा असताना व्हेपर लॉक कसा, असा पत्रलेखकाचा सवाल.

काकांचं निदान त्यांच्या काळातलं आहे. कार्बोरेटरच्या दिवसांत मे महिन्यात खोपोलीहून बोरघाट चढताना शिंग्रोबाच्या आसपास बोनेट वर करून उभ्या असलेल्या गाड्या मी कितीतरी पाहिल्यात. पेट्रोल पंप इंजिनालाच बोल्टने लावलेला, टाकीतून पेट्रोल ओढून घेणारा. ओढलं की नळीतला दाब कमी होतो, त्यात इंजिनाची धग. पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफच चोखत बसतो. पंपावर ओलं फडकं हा त्यावरचा खरा उपाय होता.

2000 च्या आसपास आपल्याकडच्या लहान गाड्यांत एमपीएफआय रुळलं आणि पंप टाकीत जाऊन बसला. आता तो पेट्रोल ढकलतो. रेलमध्ये साधारण तीन बारचा दाब असतो, आणि दाबाखालचं पेट्रोल सहजासहजी उकळत नाही. म्हणून इथे 'वाफ झाली का' यापेक्षा 'दाब टिकला का' हे आधी विचारायचं.

इंजिन बंद केलं की कूलंट फिरायचं थांबतं, वाराही थांबतो, आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं बोनेटखालची धग उलट वाढते. गाडी चढावर बंद पडत नाही, चहानंतर रुसते, ती यामुळे. पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत असेल तर एवढ्यात दाब उतरतो. अशा वेळी किल्ली 'ऑन' करून दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकायची, बंद करायची, असं तीनदा केलं आणि मग सेल्फ मारला की गाडी पकडते. इंजेक्टर ठिबकत असेल तर तऱ्हा उलटी: पेट्रोलचा वास येतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला की बऱ्याच गाड्यांत ईसीयू पेट्रोल तोडतो, इंजिन मोकळं होतं.

रविवारी आम्ही मुद्दाम दस्तुरीला चढलो, चहाही घेतला. गाडी अर्थातच रुसली. किल्लीची युक्ती फुकट, पाय तळापर्यंत दाबणंही फुकट. पेट्रोलचा वास नाही. एक प्लग काढून वायरला लावला, बॉडीला टेकवला आणि सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगीच नाही! म्हणजे दोन्ही पंपांचे पैसे पाण्यात.

संशय क्रँक सेन्सरवर. इंजिन फिरतंय ही बातमी ईसीयूला तोच देतो. ती पोचली नाही तर ठिणगीही नाही आणि इंजेक्टरही गप्प. या गाडीतला सेन्सर म्हणजे एक वेटोळं. गरम असताना मल्टिमीटरने मोजलं तर सर्किट उघडं. थोडं पाणी फक्त त्याच्यावर सोडलं, काटा काहीशे ओहमवर आला, आणि गाडी सुरू. आतली तार कुठेतरी तुटलेली; धगीने टोकं लांब जात होती, गार झालं की पुन्हा भेटत होती. (हॉल पद्धतीचा सेन्सर असेल तर ओहम मोजून काही कळत नाही, तो वेगळा विषय.) आणि अख्ख्या तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका, ओतीव भागांना तडा जाऊ शकतो.

नवा सेन्सर बसवून पुढच्या रविवारी पुन्हा चढलो. चहा झाला, भजी झाली, गाडीने पहिल्या झटक्यात पकडलं. काका तिथेच होते. पेट्रोलची वाफबिफ काही नव्हती, हे मी त्यांना साग्रसंगीत समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पण पाणी मी बरोबर जागीच ओतलं होतं ना?"