गैरहजेरी : आधी कारण विचारू या



मे महिन्याच्या अखेरीस शाळेची घंटा वाजते आणि पहिला पंधरवडा सगळे वर्ग भरलेले असतात. पुढे तरणा पाऊस सुरू होतो, बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत भाताच्या रोप लावणीची घाई उडते आणि आठवी ते दहावीच्या वर्गांतील बाक एकेक करून रिकामे दिसू लागतात. हे दरवर्षीचेच, असे म्हणून आम्हीही कित्येक वर्षे त्याकडे पाहत आलो. या अंकात मात्र त्याविषयी मोकळेपणाने बोलावे असे वाटते.

निमित्त आहे आमच्याच नववीतील एका मुलीचे. एका जुलैमध्ये ती आठ दिवस आली नाही. आई-वडील लावणीला, घरी धाकटा भाऊ, म्हणून ती घरी राहिली. लावणी संपली. ती दोन दिवस शाळेत आली आणि पुन्हा दिसेनाशी झाली. आम्ही घरी निरोप पाठवला, "पालकांना घेऊन ये." ती आणखीच बिचकली. शेवटी वर्गशिक्षिका तिच्या घरी गेल्या तेव्हा खरे कारण कळले. गणिताचा तास पुढे गेला होता, फळ्यावरचे काही कळत नव्हते आणि बाईंनी उभे केले तर काय, ही भीती तिला वाटत होती. लावणी आठ दिवसांत आटोपली होती, पण तिची भीती गणेश चतुर्थीपर्यंत टिकली. चूक आमचीही होती. आम्ही जाब विचारला, कारण विचारले नाही.

यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. पहिल्या गैरहजेरीचे कारण बहुधा घरी, शेतात किंवा रस्त्यावर असते. दुसऱ्या गैरहजेरीचे कारण पुष्कळदा वर्गातच असते. म्हणून उपाय पहिल्या आठवड्यातच व्हायला हवा.

पंचाहत्तर टक्क्यांचा गैरसमज

एस.एस.एल.सी. परीक्षेला नियमित विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी 75 टक्के हजेरी लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे "पंचाहत्तर भरली की झाले" असा समज होतो. जरा हिशेब करू. वर्षात शाळेचे 220 दिवस धरले तर पंचाहत्तर टक्के म्हणजे 165 दिवस. राहिले 55 दिवस, म्हणजे जवळजवळ सव्वादोन महिन्यांची शाळा! नियमात बसलेले मूलही चार धड्यांतील एक धडा न ऐकता परीक्षेला बसते.

महिन्याला दोनच दिवस बुडवले तरी दहा महिन्यांत वीस दिवस होतात. हे दोन दिवस डोळ्यांवर येत नाहीत. बाजाराचा दिवस, पाहुण्यांकडची वास्तुशांत, यात्रेचा दुसरा दिवस असे ते जातात. म्हणून आम्ही आमच्यापुरती 90 टक्क्यांची रेघ आखली आहे. महिन्यात तिसरा दिवस बुडाला की वर्गशिक्षक घरी फोन करतात. हा फोन तक्रारीचा नसतो. "सगळे ठीक आहे ना?" एवढेच विचारण्यासाठी तो असतो. पालकांनीही तो त्याच भावनेने घ्यावा.

बुडालेला धडा कसा भरून काढायचा?

गणित आणि विज्ञान यांची साखळी असते. नववीत बहुपदीचे अवयव पाडायला जमले नाही, तर दहावीतले वर्गसमीकरण अडते. परत आलेले मूल मित्राची वही घेऊन रात्रभर पाने उतरवते. वही पूर्ण होते, पण धडा समजत नाही. विद्यार्थी मित्रांनो, पाने उतरवण्याआधी ज्याची वही घेतली त्याला विचारा, "या तासाला नवीन काय शिकवले ते मला दहा मिनिटांत सांग." सांगणाऱ्याचाही अभ्यास पक्का होतो.

अभ्यासाची आणखी एक गोष्ट. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा ते मिटून आठवून लिहिणे अधिक उपयोगी ठरते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हे विद्यार्थ्यांवर तपासले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 56 टक्के मजकूर आठवला, तर वाचणाऱ्यांना सुमारे 42 टक्के. "काल तर सगळे येत होते, आज पेपरात आठवेना" याचे उत्तर यात आहे.

मराठी माध्यमाच्या आपल्या मुलांना मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांचे पेपर द्यावे लागतात. ज्या गावांत कन्नड फारशी कानावर पडत नाही, तिथल्या मुलांना त्या तासाचा धाक वाटतो. अशा मुलांनी रोज पाच ओळी मोठ्याने वाचाव्यात. बसवरच्या पाट्या आणि दुकानांचे फलक वाचण्याची सवय लावावी. अक्षरओळख पक्की झाली की निम्मी भीती जाते.

शरीर थकलेले, मन कोमेजलेले

सकाळी चहा-बटर खाऊन बस गाठणारे मूल दुसऱ्या तासाला पेंगते. त्याला आळशी म्हणण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, झोप. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. मोबाइल उशाशी ठेवून ती मिळत नाही. गणेशोत्सवात देखावे पाहायला एखादी रात्र जागणे ठीक, पण अकराही रात्री नकोत.

दुसरी, रक्त. मुलींमध्ये हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली गेले तर रक्तक्षय समजतात. धाप, डोके दुखणे, लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे असू शकतात. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुले खिशात घालतात आणि वाटेत टाकतात! ती दुपारच्या जेवणानंतर घ्यावी, उपाशीपोटी नको आणि चहाबरोबरही नको. घरी पालेभाजी, हरभरा, चवळी यांवर लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते. अक्षर दासोह योजनेचे दुपारचे जेवण दहावीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. "मोठी झालो, आता रांगेत कसे बसायचे?" असा संकोच करू नये.

तिसरी, मन. पूर्वी बोलणारे मूल गप्प झाले, खेळ सोडला, जेवण कमी झाले, दर सोमवारी पोट दुखू लागले, तर त्याला ढोंग म्हणू नका. कोणी चिडवते का, मारते का, बसमध्ये काही त्रास होतो का, घरी कशाची भीती वाटते का, हे शांतपणे विचारा. विचारून झाल्यावर थोडा वेळ आपण गप्प बसावे. मूल लगेच बोलत नाही. "मला जगायचेच नाही" असे मूल म्हणाले तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे न सोडता डॉक्टरांची मदत घ्यावी. सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते. मुलांसाठी 1098 हा क्रमांकही आहे. दोन्ही क्रमांक प्रत्येक वर्गात लावले आहेत. मुलांनी ते पाठ करावेत.

विश्वस्तांना विनंती

मुली महिन्यातून दोन-तीन दिवस का येत नाहीत, हा प्रश्न सभेत विचारायला सगळेच संकोचतात. उत्तर साधे आहे. स्वच्छतागृहात पाणी हवे, दाराला आतून कडी हवी, झाकणाची बादली हवी आणि बाईंच्या कपाटात पॅड हवेत. यातील एकही गोष्ट मोठ्या देणगीची वाट पाहणारी नाही. नव्या रंगकामाआधी ही कामे हाती घ्यावीत, अशी आमची विनंती आहे.

दुसरा प्रश्न बसचा. जून 2023 पासून शक्ती योजनेमुळे मुलींना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास करता येतो, मुलांना सवलतीचा पास मिळतो. पण जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात बसच आली नाही, तर मोफत तिकिटाचा काय उपयोग? बस चुकली म्हणून मूल घरीच ठेवू नये, दुसऱ्या तासालाही पाठवावे. पावसामुळे उशीर झालेल्या मुलाला दाराशी उभे करणार नाही, हा शब्द आम्ही देतो. आगारप्रमुखांना वेळेबाबत द्यायच्या अर्जावर पालकांच्या सह्या हव्या आहेत. कार्यालयात येऊन त्या कराव्यात.

आपले ठरले ते असे

लावणीला हात लागतात, हे आम्हाला कळते. आमच्यापैकी अनेकजण त्याच शेतांतून शिकायला आले. पूर्ण आठवडा बुडवण्याऐवजी रविवार आणि सुट्टीचा दिवस धरावा. अगदीच नाइलाज असेल तर आधी कळवावे, म्हणजे त्या दिवसांचे काम एका कागदावर लिहून देता येईल. परत आलेल्या मुलाला पहिले तीन दिवस कोणी फळ्याजवळ उभे करणार नाही. त्याच्याशेजारी धडा समजावून देणारा सोबती बसवला जाईल.

ती नववीतली मुलगी पुढे दहावीच्या परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली. तिचे गुण फार नव्हते, पण ती वर्गात होती. यंदा लावणीनंतर परतणाऱ्या मुलांना सोबती म्हणून धडा समजावून सांगायला आपण येऊ, असे तिने आपणहून कळवले आहे. पहिल्या सत्रात रिकामा दिसलेला एकही बाक दसऱ्यानंतर रिकामा राहू नये, एवढीच आमची इच्छा आहे. त्यासाठी तुम्ही घरून एक पाऊल टाका, शाळेकडून आम्ही टाकतो.