सहाशे मिलिलिटरचं जेवण

६०० मिलिलिटरचा डबा नीट भरला, तर त्यात साधारण ६०० किलोकॅलरींचं जेवण मावतं. जपानमध्ये घरोघरी भरल्या जाणाऱ्या बेंतोचं, म्हणजे दुपारच्या डब्याचं, गणित या एका समीकरणावर चालतं. तिथे डबा विकत घेताना त्याचं आकारमान मिलिलिटरमध्ये छापलेलं मिळतं. बालवाडीतल्या पोराला ४००च्या आतबाहेर, कचेरीत बसून काम करणाऱ्या बाईला ६००, हायस्कूलमध्ये बेसबॉल खेळणाऱ्या मुलाला ९०० किंवा त्याहून मोठा. किती जेवायचं, हे डबा घेतानाच ठरून जातं. रोज सकाळी वजनकाटा काढावा लागत नाही.

समीकरण आपोआप मात्र जुळत नाही. त्याच डब्यात नुसती तळलेली कोंबडी कोंबली तर आकडा हजाराच्या वर जाईल, नुसता उकडलेला पालक भरला तर जेमतेम शंभरावर अडेल. म्हणून दुसरा आकडा लागतो: ३:१:२. डब्याचे सहा भाग कल्पायचे. तीन भाग भात, एक भाग मासा, मांस, अंडं किंवा तोफू, आणि दोन भाग भाज्या. पोषणतज्ज्ञ आदाची मियुकी यांनी रुजवलेली ही पद्धत. तिच्यात आणखी दोन अटी आहेत, आणि माझ्या मते खरी मेख त्यांतच आहे. डबा इतका ठासून भरायचा की हलवला तरी आतलं काही सरकता कामा नये. आणि तेलकट पदार्थ एकच ठेवायचा. पहिली अट मोडली तर मिलिलिटर खोटे पडतात, दुसरी मोडली तर किलोकॅलरी.

हिशेब मांडून बघू. ६०० मिलिलिटरचा निम्मा भाग भाताचा. तेवढ्या जागेत २०० ग्रॅमच्या आसपास शिजलेला भात बसतो. जपानच्या सरकारी अन्नघटक तक्त्याच्या २०२०च्या आवृत्तीप्रमाणे १०० ग्रॅम भातात १५६ किलोकॅलरी, म्हणजे भाताच्या ३१२ झाल्या. उरलेल्या तीनशेच्या आत एक खारवलेल्या रावसाचा तुकडा, अंड्याची गुंडाळी आणि दोन भाज्या बसवायच्या. जमतं. पण एकाऐवजी दोन तळण्या आल्या की जमत नाही.

आपल्याकडे बेंतो म्हटलं की पांडाच्या तोंडाचा भात आणि फुलासारखी कापलेली गाजरं डोळ्यांपुढे येतात. तो प्रकार आहे, त्याच्या स्पर्धाही होतात, पण रोजच्या डब्याशी त्याचा संबंध आपल्या रोजच्या वरणभाताचा लग्नाच्या पंगतीशी असतो तेवढाच. रोजच्या डब्यात रात्रीची उरलेली भाजी असते, रविवारी करून ठेवलेलं गाजर आणि गोबो नावाच्या कंदाचं परतवण असतं, फ्रीजरमधून काढून तसाच गोठलेला ठेवलेला एखादा पदार्थ असतो, जो दुपारपर्यंत आपोआप सुटतो आणि तोवर शेजाऱ्याला गार ठेवतो. ताजं असतं ते बहुधा अंडं.

आणि हे सगळं गार खायचं असतं. इथे तिसरा आकडा येतो, तांदळाच्या पोटातला. तांदळाच्या पिठूळ भागात अमायलोज नावाचा घटक जितका जास्त, तितका भात मोकळा शिजतो आणि गार झाला की तितकाच लवकर कडक होतो. १९५६ साली नोंदला गेलेला कोशिहिकारी हा जपानचा सर्वांत लाडका तांदूळ. त्यात अमायलोज १७ टक्क्यांच्या आसपास असतं. बासमतीत ते २०च्या वर जातं. म्हणून सकाळी सातला भरलेला कोशिहिकारीचा भात दुपारी बारालाही मऊ लागतो, आणि आपला सुटसुटीत फडफडीत भात तेवढ्या वेळात घशाला टोचू लागतो. डबा गरम पोहोचावा ही आपली धडपड आणि गार डबा चवीने खाणं ही त्यांची सवय, या दोन्हींच्या मुळाशी स्वभावापेक्षा स्टार्च जास्त आहे.

तोक्योच्या एदोगावा भागात निशिकासाई स्टेशनच्या आसपास भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिथल्या मराठी आईला बालवाडीचा डबा भरताना यातली एक अडचण थेट भेटते. पोळी गार झाली तरी खाता येते, त्यामुळे ती भाताहून सोयीची. पण तेल लावलेल्या पोळीत १०० ग्रॅममागे भाताच्या जवळजवळ दुप्पट किलोकॅलरी असतात. डब्याचा निम्मा भाग पोळीच्या सुरळ्यांनी दाबून भरला तर ४०० मिलिलिटर म्हणजे ४०० किलोकॅलरी हे समीकरण कोसळतं. ३:१:२ हे भाताचं गणित आहे. पोळीला ते जसंच्या तसं लावता येत नाही, पोळीचा वाटा कमी करावा लागतो.

गार डब्याचा धोका तापमानाचा. जंतूंची वाढ १० अंश सेल्सियसच्या खाली मंदावते, ३५ अंशांच्या आसपास ती सर्वांत जोरात असते. मोठ्या स्वयंपाकघरांसाठीचा जपानचा सरकारी नियम सरळ आहे: तयार अन्न १० अंशांखाली ठेवा नाहीतर ६५च्या वर. घरचा डबा नेमका या दोन्हींच्या मधे चार-पाच तास फिरतो. म्हणून घरच्यांसाठीच्या सूचना वेगळ्या. शिजवताना पदार्थाच्या मध्यभागी ७५ अंश किमान एक मिनिट राहिले पाहिजेत. मग सगळं पूर्ण गार करायचं आणि नंतरच झाकण लावायचं. वाफेवर झाकण ठेवलं की आत पाणी सुटतं, आणि पाणी व ऊब एकत्र आली की जंतूंना दुसरं काही लागत नाही.

हा नियम मोडणं किती महाग पडू शकतं ते २०२३च्या सप्टेंबरमध्ये दिसलं. आओमोरी प्रांतातल्या हाचिनोहे शहरात तयार झालेले एकीबेन, म्हणजे रेल्वे स्टेशनांवर विकले जाणारे डबे, खाऊन २९ प्रांतांतले ५५४ जण आजारी पडले. बाहेरच्या कारखान्यातून मागवलेला भात ठरल्यापेक्षा गरम आला होता आणि तो गार करण्यात गडबड झाली होती. तपासात सापडलेले जंतू घरच्या ओट्यावरही नेहमीच असतात: एक हातावरचा, दुसरा तांदळातला. दुसरा तर शिजवूनही पुरता मरत नाही, कारण त्याचे बीजाणू उकळीला पुरून उरतात. शिजवताना घेतलेली काळजी गार करताना वाया जाऊ शकते ती अशी.

आजीच्या काळचा उपाय होता उमेबोशी, भाताच्या मधोमध रोवलेलं खारवलेलं आंबट उमे फळ. पांढऱ्या भातावर एक लाल ठिपका, म्हणून त्या डब्याला ‘हिनोमारू’ म्हणजे जपानच्या झेंड्याचं नाव. १९३९च्या सप्टेंबरपासून दर महिन्याच्या एक तारखेला काटकसर म्हणून सरकारने हाच डबा लोकांच्या गळ्यात बांधला होता. उमेबोशीने डबा टिकतो ही समजूत अर्धी खरी आहे: तिचा परिणाम ती जिथे टेकते तेवढ्याच भातापुरता. शिवाय जुन्या पद्धतीच्या उमेबोशीत १८ टक्क्यांच्या वर मीठ असायचं, आता दुकानात मिळणाऱ्या गोडसर उमेबोशीत ते निम्म्याहून कमी असतं. पण मीठ कमी केलं ते उगाच नव्हे. जपानी पुरुषाने दिवसाला ७.५ ग्रॅमपेक्षा आणि स्त्रीने ६.५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं तिथलं आरोग्य खातं सांगतं; २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत प्रत्यक्ष आकडे होते १०.९ आणि ९.३. जुन्या पद्धतीच्या एका उमेबोशीतला १० ग्रॅम गर म्हणजे जवळजवळ दोन ग्रॅम मीठ. एका ठिपक्यात दिवसाच्या वाट्याचा चौथा हिस्सा, आणि बाईसाठी त्याहूनही जास्त.

आता पैसे. २०२५च्या मे महिन्यात जपानच्या सुपरमार्केटांत पाच किलो तांदळाची सरासरी किंमत ४,२८५ येनवर पोहोचली. वर्षभरापूर्वी ती याच्या निम्म्यावर होती. शेतीमंत्र्यांनी ‘आपण कधी तांदूळ विकत घेतलाच नाही, समर्थक आणून देतात’ अशा अर्थाचं विधान केलं आणि त्यांना पद सोडावं लागलं. सरकारी साठ्यातला तांदूळ पाच किलोला दोन हजार येनच्या आसपास विकायला काढला तेव्हा दुकानांपुढे रांगा लागल्या. पण डब्यात डोकावून पाहिलं तर या उलथापालथीचा आकार वेगळाच दिसतो. २०० ग्रॅम भाताला साधारण ९० ग्रॅम तांदूळ लागतो. जुन्या भावाने ते ३८ येन, नव्या भावाने ७७. महिन्याचे २० डबे धरले तर वाढ ७८० येनची. बाहेर एका दुपारी जेवायला, किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून तयार डबा आणि चहाची बाटली घ्यायला, जवळपास तेवढेच लागतात. म्हणजे तांदूळ दुप्पट महागला तरी महिन्यातून एक दिवस बाहेर जेवणं टाळलं की घरच्या डब्याचा जमाखर्च पुन्हा जागेवर. ज्या घरात वाढती मुलं दोन्ही वेळा भात ओरपतात तिथली गोष्ट निराळी, पण ती डब्याची नव्हे, अख्ख्या घराची.

घरच्या डब्यात खरा महाग असतो तो वेळ, आणि तो कोणाचा, हा प्रश्न जपानमध्ये जुना आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ अ‍ॅन अ‍ॅलिसन यांनी जपानमध्ये स्वतःच्या मुलाला बालवाडीत घातलं होतं. १९९१ साली त्यांनी त्या डब्यांवर एक निबंध लिहिला, तो आजही वाचला जातो. एका लहान मुलाच्या एका डब्यामागे आया रोज सकाळी २० ते ४५ मिनिटं घालवतात असं त्यांनी नोंदवलं. डबा सुबक हवा, मुलाने तो पुरता आणि वेळेत संपवायला हवा, आणि संपला नाही तर नजरा आईकडे वळायच्या. अ‍ॅलिसन यांच्या मते त्या डब्यातून आईलाही तिची जागा शिकवली जात होती. हे जरा टोकाचं वाटेल, पण मिनिटांचा हिशेब त्यांच्या बाजूने आहे. सरकारच्या २०२१च्या वेळ-वापर पाहणीत, सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरांत घरकाम, मुलं आणि खरेदी मिळून बायकोचे दिवसाला सरासरी ७ तास २८ मिनिटं जात होते, नवऱ्याचे १ तास ५४ मिनिटं. २०१६मध्ये नवऱ्याचा आकडा १ तास २३ होता. सुधारणा आहे, पाच वर्षांत ३१ मिनिटांची. त्याच पाच वर्षांत बायकोची फक्त ६ मिनिटं कमी झाली.

प्राथमिक आणि माध्यमिकच्या खालच्या वर्गांत रोज डबा न्यावा लागतो अशी मुलं आता थोडी उरली आहेत, हेही सांगायला हवं. शाळेत जेवण देण्याची सुरुवात १८८९ साली यामागाता प्रांतातल्या त्सुरुओकामध्ये एका मंदिरातल्या शाळेने केली, गरीब मुलांना भाताचे गोळे, खारवलेला मासा आणि लोणचं देऊन. १९५४मध्ये शालेय जेवणाचा कायदा आला आणि आज सुमारे ९९ टक्के प्राथमिक शाळांत गरम जेवण मिळतं. माध्यमिकच्या खालच्या वर्गांत ते प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास. लोकसंख्येने जपानमधली सर्वांत मोठी महापालिका असलेलं योकोहामा या बाबतीत सर्वांत मागे राहिलं. तिथल्या माध्यमिक शाळांत ‘घरचा डबा हेच प्रेम’ या छापाचं समर्थन वर्षानुवर्षं चाललं, आणि २०२१पासून शाळेचं जेवण सुरू झालं तेही कारखान्यातून येणाऱ्या डब्यांतून. मला विचाराल तर प्रेमाचा मुद्दा पुढे करणाऱ्यांपैकी किती जण सकाळी साडेपाचला उठत होते, हा आकडा कोणीतरी गोळा करायला हवा होता.

उलट दिशेने गेलेली एक शाळा कागावा प्रांतात आहे. २००१मध्ये ताकिनोमिया प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक ताकेशिता काझुओ यांनी ‘बेंतोचा दिवस’ सुरू केला. पाचवी-सहावीच्या मुलांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारी, महिन्यातून एकदा, असे पाच डबे स्वतः करून आणायचे. काय करायचं ते ठरवणं, बाजारातून सामान आणणं, रांधणं, भरणं, मागची भांडी घासणं, सगळं मुलांनीच. आई-बाबांनी हात लावायचा नाही. पालक घाबरले: सुरी, गॅस, पहाटेचं उठणं. ताकेशितांनी डब्यांची सुरुवात ऑक्टोबरात ठेवली ती याचसाठी. वर्षाच्या पहिल्या भागात गृहविज्ञानाच्या तासाला आवश्यक ते सगळं शिकवून झालेलं असे. पुढे ही कल्पना देशभर हजारांहून अधिक शाळांनी उचलली. डबा फक्त मुलींनी करायचा, अशी सूट कुठेच नव्हती.

गृहविज्ञान जपानच्या प्राथमिक शाळांत १९४७पासून मुलगे आणि मुली एकत्रच शिकतात, हायस्कूलमध्ये १९९४पासून. भात लावणं आणि मिसो सूप करणं हे पाचवी-सहावीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमात आहे. २०२१च्या पाहणीत ज्यांचे १ तास ५४ मिनिटं मोजले गेले ते बाबा बहुतेक पंचेचाळिशीच्या आतले, म्हणजे त्यांनी शाळेत तांदूळ धुऊन, पाणी मोजून, भात लावलेला आहे. ‘मला येत नाही’ हे कारण त्यांच्यापाशी नाही.