सैल नेमकं काय आहे? : जुन्या विमानाचा ट्रिम आणि न्यायातली उपाधी

मागच्या वेळी आपण न्यायदर्शनातल्या 'उपाधी'पाशी थांबलो होतो. आज तीच चाल एका यंत्रावर चालवून बघू. यंत्र आहे पायपर जे-३ कब. अमेरिकेतलं दोन आसनांचं, कापडी आवरणाचं छोटं विमान. १९३० आणि १९४०च्या दशकांत ही विमानं हजारोंनी बनली, आणि त्यांतली बरीच आजही उडतात.

आधी ट्रिम म्हणजे काय ते बघा. वैमानिक एकटा आहे की सोबत कुणी आहे, यावर विमानाचा तोल बदलतो. मग नाक सारखं वर किंवा खाली जायला बघतं. दांडा हातानं किती वेळ रेटून धरणार? ट्रिमनं तो भार उतरवायचा. कबमध्ये डाव्या भिंतीवर एक छोटा हँडल असतो. तो फिरवला की तारेचा वेढा मागे शेपटीतलं एक चाक फिरवतो, त्या चाकाचा स्क्रू फिरतो, आणि शेपटीच्या आडव्या पंखाची पुढची कड किंचित वर-खाली होते. तार चाकाला बांधलेली नसते, केवळ घर्षणानं पकड घेते. पायमशीनच्या पट्ट्यासारखं समजा.

आता तक्रार येते: हँडल फिरतो, शेपटी हलत नाही. 'ट्रिम सैल झालाय, तार ताणा.' म्हणजे अनुमान असं झालं, की जिथे तार घसरते तिथे ती सैल असते. पण पायमशीन चालवलेल्या माणसाला विचारा. पट्टा सैल झाला तर घसरतोच. पण मशीन तेलावाचून जड झालं, तरी चांगला ताठ पट्टासुद्धा घसरतो.

'जिथे अग्नी तिथे धूर' हे अनुमान का फसतं? कारण धूर ओल्या इंधनामुळे होतो. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. ओलं इंधन ही मधली लपलेली अट, तीच उपाधी. आपल्या उदाहरणात लपलेली अट अशी: स्क्रू मोकळा फिरत असेल आणि तार कोरडी असेल, तरच घसरण्यावरून तार सैल आहे असं म्हणता येईल. शास्त्रीय व्याख्येत हे तंतोतंत बसतं असा माझा दावा नाही. पण विचाराची चाल तीच आहे.

म्हणून तपासाचा क्रम महत्त्वाचा. हे काम प्रमाणित मेकॅनिकचं आहे, आणि विमान जमिनीवर असतानाच करायचं. आधी तारेचा ताण काढून स्क्रू हातानं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. जड लागला तर जुनं वाळलेलं ग्रीस काढा, आटे तपासा, नवं वंगण द्या. हलका फिरला तर तारेकडे वळा: तिच्यावर तेल आलंय का, धागे तुटलेत का, कप्प्या मोकळ्या फिरतात का. सगळ्यात शेवटी ताण, तोही विमानाच्या माहितीपुस्तकाप्रमाणे. गंमत बघा, स्क्रूला जे वंगण हवं तेच तारेला नको.

आणखी एक परीक्षा. पंखाची पुढची कड हातात धरून हलकेच वर-खाली करून बघायची. तिथे खुळखुळ जाणवली तर ती वेगळीच सैलता आहे. स्क्रू, नट किंवा जोड झिजलाय. तार कितीही ताणली तरी ती जाणार नाही. झिजलेला भाग बदलावाच लागतो. शेवटी दिशा तपासा: नाक वर नेण्यासाठी हँडल फिरवला, तर पंखाची पुढची कड खाली जायला हवी.

एवढी चिकित्सा कशासाठी? तार ताणली की ट्रिम आज चालतो, आणि तक्रार बंद होते. कोरडा स्क्रू मात्र कोरडाच राहतो, आणि आता तो कोरडा आहे हे सांगणारं लक्षणही उरत नाही. ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचं २६१ क्रमांकाचं उड्डाण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. ८८ माणसं गेली. ते मोठं जेट होतं, यंत्रणाही वेगळी. पण शेपटीचा आडवा पंख हलवणारा स्क्रू तिथेही होता, आणि पुरेसं वंगण न मिळाल्यानं त्याच्या नटचे आटे झिजून गेले होते, असं तपासात आढळलं.

तेव्हा 'हे सैल आहे' असं कुणी म्हटलं, की पाना उचलण्याआधी विचारा: कुठे सैल आहे, आणि घसरण्याला दुसरं कारण असू शकतं का? उपाधी ओळखण्याची न्यायातली नेमकी व्याख्या पुढच्या व्याख्यानात पाहू.