घरीच शाळा? ख्रिस्ती कुटुंबांतलं होमस्कूलिंग म्हणजे नेमकं काय, कायदा काय सांगतो आणि दाखल्याचं काय होतं?

मोबाईलवर असे व्हिडिओ आता सगळ्यांनाच दिसतात. केरळ, बंगळुरू नाहीतर अमेरिकेतलं एखादं ख्रिस्ती कुटुंब, मुलं शाळेत जात नाहीत, आई-बाबाच घरी शिकवतात. सकाळी प्रार्थना, मग गणित, मग बागेत काम. बघायला छान वाटतं. आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी आहे, तरी दापोली, चिपळूणपासून रत्नागिरी शहरापर्यंत ही कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांच्यातल्या काही पालकांच्या, आणि इतर धर्मांच्या पालकांच्याही मनात हा प्रश्न येतो की आपल्याला हे जमेल का? आणि मुख्य म्हणजे, उद्या पोराच्या हातात दाखला कुठला असेल?

थोडक्यात उत्तर असं: घरी शिकवल्याबद्दल पालकांना शिक्षा करणारं कलम शिक्षण हक्क कायद्यात नाही, पण घरच्या शिक्षणाला मान्यता देणारं कलमही नाही. दहावी-बारावीची परीक्षा शाळेत न जाता देता येते. मात्र सहा ते चौदा या वयात मूल कुठल्याच पटावर नसेल, तर त्याची किंमत मोजावी लागते. आता सविस्तर बघू.

होमस्कूलिंग कशाला म्हणायचं?

मुलाला शाळेत न घालता पालकांनी ठरवून, रोज, नेमाने घरी शिकवणं म्हणजे होमस्कूलिंग. कोणी त्याला घरशाळा म्हणतं. शाळेनंतरची शिकवणी म्हणजे होमस्कूलिंग नाही. ऑनलाइन क्लास लावला म्हणजेही नाही. आणि मुलगी सातवीनंतर घरी बसली, धाकट्या भावंडांना सांभाळते, चुलीकडे बघते, तर ते तर अजिबातच नाही. ती शाळागळती आहे. हा फरक आधीच सांगितला, कारण पुष्कळदा एकाच्या नावाखाली दुसरं झाकलं जातं.

ख्रिस्ती कुटुंबं हा मार्ग का धरतात?

कारण पहिलं, धर्माचं. मुलांना घडवण्याची पहिली जबाबदारी आईवडिलांची, असं बायबल शिकवतं. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय की देवाच्या आज्ञा मुलांना घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना शिकवाव्यात. होमस्कूलिंग करणारी कुटुंबं याच भागाचा आधार घेतात. कॅथोलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणेत पालकांना मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हटलं आहे. पण लक्षात घ्या, शाळा सोडा असं यात कुठेच नाही. उलट कॅथोलिक चर्च जगभर शाळा चालवतं.

दुसरं कारण व्यवहाराचं. मुलाचा वेग वेगळा असतो, शाळा लांब असते, वडिलांची बदलीची नोकरी असते, मूल आजारी असतं किंवा शाळेत चिडवाचिडवी होते. ही कारणं कुठल्याही धर्माच्या घरात सापडतील.

या चळवळीचा जोर मुख्यतः अमेरिकेत वाढला. १९८० च्या दशकात तिथल्या अनेक ख्रिस्ती पालकांनी मुलं शाळेतून काढली आणि कोर्टकचेऱ्या केल्या. १९९३ पर्यंत तिथल्या पन्नासही राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर झालं होतं. जर्मनीत नेमकं उलट आहे. तिथे शाळेत जाणं सक्तीचं आहे. धर्माच्या कारणासाठी घरी शिकवू द्या, असं म्हणत गेलेल्या ख्रिस्ती पालकांचा दावा युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केला नाही. मुलांनी वेगळ्या विचारांच्या मुलांबरोबर वाढणंही समाजाला गरजेचं आहे, हा जर्मनीचा मुद्दा तिथे टिकला. धर्म एकच, पण देश बदलला की कायदा बदलतो. म्हणून व्हिडिओ बघताना तो कुठल्या देशातला आहे हे आधी बघा.

आपल्या मातीतली उदाहरणं

घरी शिकून मोठं होणं मराठी ख्रिस्ती समाजाला नवीन नाही. पंडिता रमाबाई (जन्म १८५८) लहानपणी शाळेत गेल्या नाहीत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने लेकीला. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ ही पदवी दिली. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

दुसरं उदाहरण आपल्या जिल्ह्याशी जोडलेलं आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना घरीच लिहायला-वाचायला शिकवलं. औपचारिक शिक्षण नसलेल्या याच लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं आणि नवऱ्याच्या मागे त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केलं.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही बघायला हवी. रमाबाईंनी स्वतः घरी शिकूनही दुसऱ्यांच्या मुलींसाठी काय केलं? शाळाच काढली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, नंतर केडगावला मुक्ती मिशन. कारण प्रत्येक मुलीच्या घरी अनंतशास्त्री नसतात. आपल्याकडेही स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये बाणकोटला आले आणि मग हर्णैकडे सरकले, तेव्हा त्यांनी गावोगाव शाळा उघडल्या. दापोलीच्या मिशन शाळेत तर पुढे भारतरत्न झालेले पां. वा. काणे शिकले, पालगडचे साने गुरुजी शिकले. दोघेही हिंदू घरातले. म्हणजे कोकणातल्या ख्रिस्ती परंपरेत धर्म घरी आणि चर्चमध्ये शिकवायचा, अक्षरं शाळेत सगळ्यांसोबत शिकायची, हीच रीत जास्त चालत आली.

घरी शिकवतात म्हणजे करतात काय?

यात साधारण तीन तऱ्हा दिसतात.

पहिली, तयार अभ्यासक्रम. अमेरिकेत १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘अ‍ॅक्सेलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन’सारख्या संस्थांची पुस्तिकांची मालिका असते. वर्षाला एका विषयाच्या बारा पुस्तिका. मूल आपापल्या वेगाने एकेक संपवतं. पालकांचा ताण कमी होतो. पण सगळं इंग्रजीत, पैसे मोजावे लागतात, आणि इतिहास-भूगोल आपला नसतो. विज्ञानातही काही पुस्तकं सृष्टीची उत्पत्ती बायबलप्रमाणेच शिकवतात. आपल्या बोर्डाच्या परीक्षेत तसं उत्तर चालणार नाही, हे पालकांनी धरून चालावं.

दुसरी तऱ्हा शार्लट मेसन या इंग्रज शिक्षिकेची (१८४२–१९२३). चांगली पुस्तकं मोठ्याने वाचायची, मुलाने ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं, धडे छोटे ठेवायचे आणि रोज निसर्गात फिरायचं. कोकणातल्या घराला ही पद्धत सोपी जावी. भरती-ओहोटी, काजूचा मोहर, भाताची लावणी, सगळं दारातच आहे.

तिसरी तऱ्हा, सरळ बालभारतीची पुस्तकं घरी शिकवणं आणि सोबत बायबल वाचन, गाणी, प्रार्थना. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोबाईलवर फुकट मिळतात. पुढे इथल्याच बोर्डाची परीक्षा द्यायची असेल तर ही तऱ्हा सगळ्यात कमी धोक्याची.

तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. घरातलं एक मोठं माणूस रोज तीन-चार तास मोकळं लागतं. पुष्कळदा ती आईच असते. तिची नोकरी, तिची मजुरी, तिचा बचत गट यांचं काय, हा हिशोब आधी मांडावा.

कायदा काय म्हणतो?

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिक्षण मूलभूत हक्क झालं. त्यावर आधारित शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम १० म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. ते न केल्यास पालकांना दंड किंवा तुरुंग, असं मात्र कायद्यात लिहिलेलं नाही. होमस्कूलिंग हा शब्दही त्यात नाही. म्हणून हा विषय मधल्यामधे लोंबकळतो.

पण एका ठिकाणी कायदा अगदी कडक आहे. चार घरांतल्या पालकांनी मिळून चर्चच्या हॉलमध्ये किंवा कुणाच्या पडवीत रोज पंधरा-वीस मुलं जमवली आणि शाळेसारखंच चालवलं, तर ती विनामान्यता शाळा ठरू शकते. त्यासाठी कलम १८ प्रमाणे एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि चालूच ठेवल्यास रोज दहा हजारांपर्यंत. रविवारच्या संडे स्कूलचा याच्याशी संबंध नाही. ते धर्मशिक्षण आहे.

आणखी एक गैरसमज. ‘सरकारी शाळेत आमच्या मुलांना दुसरा धर्म शिकवतील’ ही भीती काही पालक बोलून दाखवतात. घटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. तसं काही वाटलं तर मुख्याध्यापकांशी, शाळा व्यवस्थापन समितीशी बोलता येतं. त्यासाठी शाळाच सोडायची गरज नाही.

परीक्षेचे मार्ग

- १७ नंबरचा फॉर्म: राज्य मंडळाची दहावी-बारावी खाजगीरीत्या देण्याचा जुना मार्ग. अर्ज ऑनलाइन भरायचा. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, फोटो लागतात. वयाच्या आणि आधीच्या इयत्तेच्या अटी त्या वर्षीच्या परिपत्रकात बघाव्यात. आपल्यासाठी कोकण विभागीय मंडळाचं कार्यालय रत्नागिरीतच आहे.
- महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ: हे राज्य सरकारचंच मंडळ आहे. पाचवीच्या परीक्षेला वय दहा पूर्ण, आठवीला तेरा पूर्ण लागतं.
- एनआयओएस: केंद्र सरकारची मुक्त शाळा, १९८९ पासूनची. तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षा, नंतर दहावी (वय किमान १४) आणि बारावी. दहावीसाठी मराठी माध्यमही आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि विषय सुटे सुटे देता येतात.

एनआयओएसची दहावी-बारावी नियमित बोर्डाच्या बरोबरीची धरली जाते. तरीही पुढे ज्या कॉलेजात किंवा कोर्सला जायचंय, त्याचे प्रवेश नियम दोन वर्षं आधी वाचा. मुंबईच्या एका मुलीचं उदाहरण देशभर गाजलं होतं. सातवीनंतर घरी शिकलेल्या या मुलीने आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली. २०१६ मध्ये तिला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला, पण बारावीचं प्रमाणपत्र नसल्याने आपल्या आयआयटीचं दार तिला बंद होतं.

हातचं काय जातं?

शहरातल्या सुखवस्तू घराला कदाचित जाणवणार नाही, पण गावातल्या घराला नक्की जाणवेल अशी यादी ही. पोषण आहार, मोफत पुस्तकं, गणवेश, शाळेतली आरोग्य तपासणी, शिष्यवृत्तीची परीक्षा, हे सगळं पटावर नाव असेल तरच.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दाखला. महाराष्ट्रात शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख, धर्म, जात, जन्मगाव असतं. जातीचा दाखला, वय-अधिवास, पुढे नातवंडांची कागदपत्रं, सगळीकडे तो लागतो. ज्या ख्रिस्ती कुटुंबांना मागासवर्गीय सवलती लागू होतात, त्यांच्यासाठी तर ही नोंद सोन्यासारखी. एका पिढीची नोंद तुटली की पुढची पिढी तहसील कार्यालयात खेटे घालत बसते.

शिवाय शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात तुमच्या मुलाचं नाव येईल, शिक्षक घरी येतील. त्यांच्याशी भांडू नका, ते त्यांचं काम करतायत. काय शिकवताय, पुढे कुठली परीक्षा देणार, हे वहीसकट दाखवा.

मधला मार्ग आहे का?

आहे, आणि आपल्याकडची बहुतेक ख्रिस्ती कुटुंबं तोच धरतात. मुलाचं नाव जवळच्या शाळेत, दिवसभराचा अभ्यास तिथे. संध्याकाळी घरी कौटुंबिक प्रार्थना, बायबल वाचन. रविवारी संडे स्कूल किंवा कॅटेकिझमचा वर्ग. असं केलं तर धर्म घरातच राहतो, दाखला शाळेचा मिळतो आणि मित्र सगळ्या आळ्यांतले होतात.

तरीही घरीच शिकवायचं ठरवलं असेल, तर हे करा:

- निदान चौथी-पाचवीपर्यंत शाळेत नाव ठेवा, म्हणजे दाखला हातात राहील.
- मूल शाळेतून काढण्याआधी केंद्रप्रमुख किंवा पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा. बोलणं झालं ते लेखी अर्जाने पोहोच घेऊन नोंदवा.
- रोज काय शिकवलं याची वही ठेवा. पाचवी आणि आठवीच्या मुक्त परीक्षा टाळू नका.
- मुलाला आठवड्यातून काही वेळ तरी इतर मुलांत सोडा. क्रिकेट असो, वाचनालय असो, गावातला कार्यक्रम असो.
- मुलालाही विचारा. आठ-दहा वर्षांच्या मुलाला आपलं मत असतं.
- जमत नाही असं वाटलं तर परत शाळेत घाला. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो, आणि मागे पडला असेल तर विशेष प्रशिक्षणही मिळतं. दाखला नाही किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला नाही म्हणता येत नाही.