हिमालयातील वन्य पलांडू आणि अष्टवर्गाचा धडा

‘रानकांदा’ म्हटला की महाराष्ट्रातील वैद्यांच्या दृष्टीसमोर कोलकंद उभा राहतो. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र कांदा-लसणाचा खरा भाऊबंद असलेली एक हिमालयीन वनस्पती आहे. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, तिबेट सीमेलगतच्या नीती खोऱ्यातील मलारी परिसरात ती २०१९ साली शास्त्रज्ञांना आढळली व २०२१ साली स्वतंत्र जाती म्हणून प्रसिद्ध झाली. वन्य कांद्यांचे संग्राहक डॉ. कुलदीपसिंह नेगी यांच्या सन्मानार्थ तिला ‘अलियम नेगियानम’ हे नाव देण्यात आले.

सुमारे ३००० ते ४८०० मीटर उंचीवरील कुरणांत व ओढ्याकाठच्या वाळूमिश्रित जमिनीत ती वाढते. शास्त्राला ती नवी असली तरी ग्रामस्थांच्या ती नित्य परिचयाची आहे. त्या प्रदेशात वन्य कांद्यांना ‘जंबू’, ‘फरण’ अशी नावे असून ते वाळवून फोडणीस वापरतात. एका नावाखाली अनेक जाती येतात, हे औषधनिर्मात्यांनी ध्यानी घ्यावे.

आमच्या चिंतेचे कारण असे. भावप्रकाशात जीवक व ऋषभक हे हिमालयाच्या शिखरांवर उपजणारे आणि लसणासारखे कंद असणारे वर्णिले आहेत. एवढ्या साम्यावरून एखादा वन्य कांदा अष्टवर्गातील द्रव्य म्हणून खपविला जाणे अशक्य नाही. परंतु एक लक्षण जुळणे म्हणजे द्रव्यनिश्चिती नव्हे. आज ही दोन्ही द्रव्ये सामान्यतः आमरवर्गातील वनस्पती मानली जातात. शिवाय कंद उपटला की ते झाड संपते. मर्यादित क्षेत्रातील जातीला च्यवनप्राशाच्या व्यापारी मागणीचा भार सोसणारा नाही.

अष्टवर्ग राजांनाही दुर्लभ आहे, हे भावमिश्रांनी सोळाव्या शतकातच ओळखले आणि प्रतिनिधी द्रव्ये सांगितली. जीवक-ऋषभकांच्या स्थानी विदारीकंद, मेदा-महामेदांच्या स्थानी शतावरी, काकोली-क्षीरकाकोलींच्या स्थानी अश्वगंधा आणि ऋद्धी-वृद्धींच्या स्थानी वाराहीकंद घ्यावा, असा तो निर्देश आहे. प्रतिनिधी द्रव्य वापरणे हा कमीपणा नसून शास्त्राज्ञेचे पालन आहे.

म्हणून औषधशाळाचालकांना आमची विनंती आहे की, ‘हिमालयीन दुर्मिळ कंद’ एवढ्याच वर्णनावर माल स्वीकारू नये. वनस्पतिशास्त्रीय नाव, संकलनाचे ठिकाण व तो लागवडीचा की वन्य, हे लेखी मागावे आणि नमुना तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा. प्रतिनिधी वापरल्यास वेष्टनावर तसे स्पष्ट नमूद करावे. रुग्णाचा विश्वास आणि पर्वतावरील वनस्पती, दोन्ही त्यातूनच राखली जातील.