पुढारीपण: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुढारीपण फक्त निवडणुकीत लागतं असं नाही. हळदीच्या कढईपाशी, बचत गटाच्या बैठकीत आणि घरात सगळे जेवायला बसतात तेव्हाही ते लागतं. हिंगोली जिल्ह्यात त्याचे धडे पावलोपावली आहेत, तरी काही समजुती मात्र घट्ट बसल्या आहेत.

गैरसमज १ : पुढारी जन्मावाच लागतो.
वस्तुस्थिती : कयाधूकाठचं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. वारकरी परंपरेतली कथा आहे : गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली आणि नामदेवांना ‘कच्चं मडकं’ ठरवलं. नामदेव दुखावले, पण शिकायला निघाले. औंढा नागनाथला विसोबा खेचरांना त्यांनी गुरू केलं. पुढे हाच माणूस पंजाबपर्यंत पोचला. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. लोक मान देऊ लागल्यावरही ‘मी कच्चा आहे’ हे ऐकून घेता येणं, हा पुढारीपणाचा पहिला धडा. आपणही महिन्यातून एकदा सहकाऱ्यांना, घरच्यांना विचारावं, ‘माझं काय चुकतंय?’ आणि उत्तर मिळताना मध्ये बोलू नये.

गैरसमज २ : सरपंच म्हणेल ती पूर्व दिशा.
वस्तुस्थिती : कायदा तसं म्हणत नाही. ग्रामपंचायतीचे ठराव बहुमताने होतात. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्याआधी महिलांची सभा घेणं अपेक्षित आहे. म्हणजे ज्यांचा आवाज गर्दीत दबतो, त्यांचं आधी ऐका. हीच रीत कचेरीत आणता येते : बैठकीत सगळ्यांत नव्या माणसाला पहिल्यांदा बोलू द्या, साहेबांनी शेवटी बोलावं. साहेब आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात.

गैरसमज ३ : हिशेब विचारणं म्हणजे अविश्वास.
वस्तुस्थिती : बचत गटाची पंचसूत्री आठवा : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. नोंदी सगळ्यांसमोर होतात, म्हणूनच कर्ज देताना बाया एकमेकींवर विसंबतात. पदाधिकारी ठरावीक काळाने बदलावेत अशीही अपेक्षा आहे. आज सभासद असलेली बाई उद्या अध्यक्ष होते. घरातही मिळकत, कर्ज आणि खर्च सगळ्यांना ठाऊक असू द्या. कर्जाचा आकडा पोटात ठेवून कर्ता माणूस एकटाच झुरतो, त्यात कुणाचंच भलं नाही.

गैरसमज ४ : मालकाने ‘मला माहीत नाही’ म्हटलं की वचक जातो.
वस्तुस्थिती : वसमतची हळद प्रसिद्ध आहे. पण हळद जास्त शिजली तर रंग बिघडतो, कमी शिजली तर वाळल्यावर कंद ठिसूळ होतो. कंदात काडी टोचून कढई कधी उतरवायची हे नेमकं ओळखणारा माणूस पुष्कळदा शेतमालक नसतो, मजूर असतो. त्या घडीला त्याचा शब्द मानणारा मालक माल वाचवतो. न समजता हुकूम सोडणाऱ्याचा माल आणि माणसं दोन्ही जातात.

गैरसमज ५ : बाई सरपंच झाली तरी कारभार पुरुषच पाहणार.
वस्तुस्थिती : महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. निवडून आलेल्या बाईची खुर्ची, सही आणि जबाबदारी तिचीच; नवऱ्याला तिच्या जागी बसायचा अधिकार नाही. पण ग्रामपंचायतीत तिने ठामपणे बोलावं असं वाटत असेल, तर बी-बियाणं, जमीन, लेकरांचं शिक्षण यांच्या निर्णयात घरात तिला आधी विचारलं गेलं पाहिजे. ज्या मुलीला घरात कुणी मत विचारत नाही, तिने सभेत एकदम कसं बोलावं?

या पाचही गोष्टींत पद, पैसा, मोठा आवाज यांपैकी काहीच लागत नाही. लागतं ते ऐकणं, हिशेब उघडा ठेवणं आणि वेळ आली की जागा दुसऱ्याला देणं. या सवयी आहेत आणि सवय लावून घेता येते. आज रात्री जेवताना घरातल्या सगळ्यांत धाकट्याला एका निर्णयावर मत विचारा, आणि ते पटलं तर तसंच करा.